पाच शिटं

रवळू गावडे माणसाला माणूस म्हणत नाही, शीट म्हणतो. बेळगाव-जांबोटी रस्त्यावर ज्याने उभा जन्म वडापची, म्हणजे वाटेत माणसं भरत जाणारी, जीप चालवली, त्याची ती भाषाच. जीपमध्ये बसला तो शीट, मग तो गावचा पाटील असो, माहेराहून निघालेली बाळंतीण असो, नाहीतर पाटीत कोंबडी घेतलेली म्हातारी. "मागं दोन शिटं कमी हायत." "ते पावण्यांचं शीट पुलाला उतरणार." मी जांबोटीच्या शाळेत बदलून आले त्या दिवशी अड्ड्यावर दुसऱ्याच एका जीपवाल्याने मला हाक मारली, तर हा मध्ये पडून म्हणाला, "ते चष्म्याचं शीट माझं हाय." मी त्याला तिथल्या तिथे झाडलं. तेव्हा माझी जीभ तिखट होती. अजूनही आहे, असं लोक म्हणतात. त्याने पुढची जागा फडक्याने पुसली आणि म्हणाला, "बसा बाई. चढाला पुढं बरं पडतंय." निवृत्त होईपर्यंत मी तिथेच बसून शाळेला गेले.

त्याची जीप म्हणजे नऊ माणसांची ट्रॅक्स. रवळू तीत चौदा बसवायचा आणि पंधरावं आलं तर मागच्या पायरीवर उभं करायचा. मी भांडायचे. तो म्हणायचा, "बाई, रिकामी गाडी उसळती. भरली की गप चालती." पैशासाठी भरतो असं सगळे समजायचे आणि तेही खोटं नव्हतं, पण त्याला खरी तलफ होती माणसांच्या आवाजाची. कुणाच्या सुनेचं सासूशी पटत नाही, कुणाच्या भातावर रोग पडला, कुणाचा पोरगा गोव्याला हॉटेलात लागला, हे सगळं लोक त्याच्या पाठीमागे बोलायचे आणि हा आरशातून त्यात तोंड घालायचा. सगळेच गप्प बसले तर याला चैन पडत नसे. "काय, मयताला निघालाय काय सगळी?" असं विचारायचा आणि हटकून कुणाची तरी कळ काढायचा.

घरी बायको जयाबाई आणि एकुलता युवराज. युवराज माझ्याच हाताखाली शिकला. अबोल पोरगा. घरातलं सगळं बोलणं बापानेच वापरून टाकल्यामुळे त्याच्या वाट्याला काही उरलं नसावं. बेळगावला त्याने मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, आणि तो शेवटच्या वर्षाला असताना जयाबाई काविळीने गेली. पुढे तो शिकायला म्हणून कॅनडाला गेला आणि तिथेच खाणीची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात लागला. गावाचं नाव सडबरी. रवळूला हे नाव पहिल्या फटक्यात पाठ झालं. आपल्या खानापूर तालुक्यात खपून जाईल असं नाव आहे, म्हणायचा.

त्याच सुमाराला सरकारने बायकांना बस फुकट केली. फुकट ते पौष्टिक. जांबोटीकडे बस येते कधीतरी, पण बायका झाडाखाली फतकल मारून तिची वाट बघू लागल्या. पुरुष मंडळींनी दुचाक्या घेतल्याच होत्या. रवळूची जीप अड्ड्यावर उभी राहायची, एखादं म्हातारं येऊन बसायचं आणि कंटाळून उतरून जायचं. मला त्याच्यासाठी वाईट वाटायचं, पण बायकांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. मीही आता बसनेच जाते.

जांबोटीत रेंज नाही. डोंगराच्या कडेला गेलं तर थोडी मिळते, तीही वारा असेल तशी. म्हणून रवळू दर रविवारी बेळगावात, खासबागेतल्या माझ्या घरी येऊ लागला. रविवारी खासबागेचा बाजार असतो. पूर्वी त्या दिवशी त्याला जेवायला सवड मिळत नसे. आता तो जीप माझ्या बोळाच्या तोंडाशी लावायचा, पिशवीतून भोपळा नाहीतर फणस काढून ओट्यावर ठेवायचा आणि दिवेलागणीला युवराजच्या फोनची वाट बघत बसायचा. तिकडे तेव्हा सकाळ असते. माझे मिस्टर गेल्यापासून माझ्याकडेही रविवारचं कुणी फिरकत नाही. दुपारपासूनच माझे कान बोळाकडे असायचे. हे मी त्याला सांगितलं नाही.

गाडीचा विषय निघाला तो थंडीमुळे. युवराजच्या कारखान्यापर्यंत बस जात नाही. शेवटच्या थांब्यावर उतरून पुढे बर्फातून चालायचं. मागच्या हिवाळ्यात त्याच्या कानाची पाळी काळीनिळी पडली होती, आणि ते त्याने आम्हाला उन्हाळ्यात सांगितलं.

"आप्पा, सेकंड गाडी बघालोय," तो म्हणाला. "उंच, चारी चाकं ओढणारी. साठवलेल्यात बसंल तसली."

रवळू सरसावून बसला. पोराने बापाला काही विचारावं असा प्रसंग बऱ्याच दिवसांत आला नव्हता. "पासिंग कुठलं?"

"हितलंच, आप्पा."

"दुसऱ्या राज्याची घेऊ नगो. आपल्याकडं एमएच घेऊन किती जण अडकल्यात बघितलास न्हवं? डिझेल हाय?"

"न्हाय, पेट्रोल."

रवळूने तोंड वाकडं केलं. "बरं. शिटं किती हायत?"

"पाच," युवराज म्हणाला, आणि फोन तुटला.

रवळू फोन हातात घेऊन तसाच बसला. त्याचा चेहरा असा फुलला होता की मला वाटलं पोराचं लग्न ठरलं. "बाई, ऐकलासा न्हवं? पाच शिटं हायत म्हणं त्याला."

यातला घोळ तुमच्या ध्यानात आला असेल. युवराज गाडीतल्या बैठका सांगत होता. रवळूने ऐकलं ते असं, की पोराला त्या मुलखात पाच माणसं मिळाली आहेत, गाडी आली की रोज तीतून येणारी-जाणारी. वडापवाला "शिटं किती" म्हणतो तेव्हा तो बैठका विचारतच नसतो. बैठका त्याला दिसतात. माणसं किती जमली, हे तो विचारत असतो. माझ्या हे लक्षात यायला हवं होतं. पण इतकी वर्षं त्याच्या शेजारी बसून माझेही कान तसेच झाले होते, आणि खरं सांगायचं तर ऐकायला बरं वाटलं. परका मुलूख, पोरगा मुखदुर्बळ, तो एकटा कसा जेवत असेल हा विचार आमच्या दोघांच्याही मनात असायचा. बोलून मात्र कुणी दाखवत नसे.

आठवड्याभरात ही बातमी जांबोटीभर झाली. चहाच्या टपरीवर, सोसायटीत, रवळनाथाच्या देवळात, जिथे दोन माणसं दिसतील तिथे हा थांबायचा. "पोरानं तिकडं पाच शिटं लावल्यात." कुणीतरी विचारलं, भाडं किती घेतो? रवळू म्हणाला, "भाडं कशाला? सोबत हाय ती." ज्याने सख्ख्या मेव्हण्याला फुकट बसवलं नाही, तो हे बोलत होता.

पुढच्या रविवारी त्याने पहिला प्रश्न तोच केला. "ती पाच कशी हायत रं?"

"बरी हायत, आप्पा. मागली तीन जरा जुनी वाटत्यात."

"जुनी बरी. तरणी लई कटकट करत्यात."

युवराजला वाटलं, आप्पा थट्टेवर आलाय. तो हसला. बापलेक एकमेकांशी असे हसून बोलताना मी कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते. मग रवळूने आपला हिशेब मांडला. ती पाच, चालवणारा सहावा, आणि वाटेत कोण भेटलंच तर सातवा. "सात बसतील तसलीच घे. ल्हान घेऊ नगो. माणसाला न्हाय म्हणाय लागू ने."

"मोठी घे म्हणताय, आप्पा?"

"मोठीच."

"व्हय? मग बघतो की," तो म्हणाला. त्याचा आवाज हलल्यासारखा वाटला, पण मी ते रेंजवर ढकललं.

मग तो जाहिराती पाठवू लागला. इंग्रजी वाचायचं काम अर्थात माझं. गाडीतलं मला काही कळत नाही, पण महिनाभरात मी वाचून वाचून अर्धी दलाल झाले. शेवटी दोन गाड्या उरल्या. एक लहान, पाच जणांची. एका निवृत्त बाईने घरापासून दुकानापर्यंत फिरवलेली, तळ स्वच्छ, बर्फात चालायचे वेगळे टायर सोबत. दुसरी मोठी, सात जणांची. तिच्यावर तीन मालक होऊन गेलेले, पेट्रोल पाण्यासारखं पिणारी, आणि दाराखालचा पत्रा गंजलेला. तिकडे बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ गाडीचा तळ खाऊन टाकतं, हे मी रवळूला वाचून दाखवलं. तोंडावर मी त्याला अण्णाच म्हणते.

"रस्त्याला मीठ?" तो म्हणाला. "मग गुरं रस्ता सोडत नसतील."

"गुरं नाहीत तिकडे रस्त्यावर. आणि अण्णा, गंज लागलेली गाडी तिकडे पुढच्या वर्षी पासच होणार नाही म्हणतात."

"गंज आपल्याकडं बी हाय, पावसाचा. पत्रा मारला की झालं."

"लहान घेऊ दे त्याला. त्यातच शहाणपण आहे."

"आणि त्या पाचांस्नी काय टपावर बसवायचं?"

मी युवराजला परस्पर मेसेज केला, की आप्पांचं मनावर घेऊ नकोस, लहानच घे. त्याचं उत्तर आलं: "बाई, आप्पांना मोठी पाहिजे आहे. राहू दे. मलाही तेच बरं वाटतंय." पोरगा बापाच्या शब्दाबाहेर नाही, असं मी समजले आणि मनातल्या मनात दोघांनाही दोन शिव्या घातल्या.

मोठी गाडी बघायला तो एका रविवारी सकाळी गेला. गाडीवाल्याच्या अंगणातूनच त्याने फोन लावला. कडेला बर्फाचा ढीग, त्यावर धूळ बसलेली, आणि पुढे ती पांढरी धिप्पाड गाडी. दाढीवाला मालक किल्ली आणायला आत गेला होता. रवळूने फोन डोळ्याजवळ नेऊन गाडी मागून पुढून बघितली, बॉनेट उघडायला लावलं, टायरवर लाथ मारायला लावली. त्याला सगळं पसंत होतं.

"आता शिटं भर आणि चढाला लाव," तो म्हणाला. "रिकामी कुणाची बी चढती. भरून बघावं. कुठं हायत ती पाच?"

"कुठली पाच?"

"तुजी शिटं रं. बोलीव की. आज सुट्टीच असंल त्यास्नी."

युवराज फोनकडे बघत राहिला. त्याच्या तोंडातून वाफ येत होती. मला त्याच क्षणी सगळं उलगडलं आणि वाटलं की फोन तुटावा. एरवी ऐन वेळी तुटणारा फोन त्या दिवशी लख्ख चालू होता.

"आप्पा, ती गाडीतली शिटं सांगितलतो मी. बसायची. माणसं न्हाईत."

"एक बी न्हाय?"

"कामावर बोलत्यात की. चांगली हायत सगळी. पण काम सुटलं की जो तो आपल्या घरला जातोय."

"मग रविवारचं काय करतोस?"

"झोपतो. कपडे धुतो. तुमास्नी फोन लावतो."

मी रवळूला कधी असा गप्प झालेला पाहिला नव्हता, जयाबाई गेली तेव्हासुद्धा तो बोलतच होता. शेवटी युवराजच बोलला, आणि खालच्या मानेने बोलला. "मला वाटलं तुमी यायचं मनात धरून मोठी घे म्हणताय. मी खोली बी बघून ठेवलीया, खालच्या मजल्याची. जिना चढाय लागू ने म्हणून."

"मी?" रवळू म्हणाला. "मी तिकडं येऊन काय करू रं?"

शब्द तोंडातून गेला आणि रवळूचाच चेहरा पडला. पण गेलेला शब्द काय परत येतोय?

"न्हाय, तसं न्हाय. आपलं सहज," युवराज म्हणाला. तेवढ्यात दाढीवाला किल्ली हलवत बाहेर आला. युवराजने त्याला इंग्रजीत सांगितलं ते मला ऐकू आलं. गाडी चांगली आहे, पण माझ्यासाठी फार मोठी होते, माफ करा.

फोन ठेवल्यावर रवळू बोळाकडे तोंड करून बसला. बाजार उठत आला होता, बोळातून रिकाम्या बुट्ट्या घेऊन बायका चालल्या होत्या. "जयी असती तर येतो म्हणाली असती," तो म्हणाला. "पासपोर्ट नसताना बी म्हणाली असती."

"मग तुम्ही जा की अण्णा. निदान महिनाभर."

तो मान हलवत राहिला. त्याला भीती वाटते. विमानाची नाही, घाटात आयुष्य काढलेला माणूस तो. जिथे तोंड उघडून काही उपयोग नाही अशा गावाची त्याला भीती वाटते. कानडी मुलखात तो कानडी बोलतो, गोव्याचं गिऱ्हाईक आलं तर कोकणीत हात मारतो, पण सडबरीत तो कुणाची कळ काढणार? हे त्याने मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. मला कळत होतं, कारण माझ्या पुतणीने पुण्याला बोलावूनही मी गेलेली नाही.

युवराजने लहान गाडी घेतली. माझं म्हणणं खरं झालं होतं आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. गाडी लाल आहे, दिसायला गोड. हीटर लगेच तापतो, बर्फात घसरत नाही. त्याने नारळ शोधून आणून फोडला आणि चाकाखाली लिंबू ठेवलं, ते आम्हाला फोनवर दाखवलं. बर्फात ते पिवळं लिंबू तेवढं उठून दिसत होतं. आमच्या जांबोटीत नवी गाडी आली तर निम्मा गाव टपावर चढतो. तिथे नारळाचा प्रसाद घ्यायला कोणी नव्हतं. त्याने एक तुकडा तोंडात टाकला आणि बाकीचा रुमालात बांधून ठेवला.

त्यानंतर रवळूने गाडीचं काही विचारणं सोडून दिलं. अॅव्हरेज नाही, ऑईल नाही. दर रविवारी एकच विचारायचा.

"आज कोण बसलं?"

"कोण न्हाय, आप्पा."

असं बरेच रविवार चाललं. मला तो प्रश्न ऐकवेना. मी चहाचं निमित्त करून आत जायचे. एकदा मी त्याला म्हटलंही, की अण्णा, नका हो विचारू पोराला ते. तो म्हणाला, "न्हाय विचारलं तर त्याला वाटंल, कोण बसायचंच न्हाय म्हणून मी धरून चाललोय."

मग गेल्या महिन्यात एका रविवारी युवराज स्वतःहून म्हणाला, "आप्पा, आज एक म्हातारी बसली."

रवळूने फोन दोन्ही हातांनी धरला. "व्हय? कोण रं?"

"बसथांब्यावर हुती, थंडीत. म्हटलं सोडतो."

"बरं केलास. लई बरं केलास. कुठं उतरली?"

युवराजने बाजूला बघितलं. "तितंच, दुकानापाशी."

"कुठल्या दुकानापाशी?"

"मोठं हाय की एक."

"बोलत हुती काय?"

"लई बोलत हुती, आप्पा."

गाडी चालवणारा माणूस शिटाचं तोंड विसरेल, नाव विसरेल, पण ते कुठे उतरलं हे त्याच दिवशी विसरत नाही. मला हे रवळूनेच शिकवलं आहे, त्यामुळे त्याला कळलं नसेल असं मी मानणार नाही. पण तो पुढे काही खोदत बसला नाही. "म्हातारं माणूस असलं की पुढं बसवत जा," एवढंच म्हणाला.

"बसवतो," युवराज म्हणाला. मग त्याने विचारलं, "तुमचं कसं हाय? गाडीला शिटं येत्यात काय?"

जीप बोळाच्या तोंडाशी उभी होती. जांबोटीपासून बेळगावापर्यंत त्या दिवशीही तो एकटाच आला होता. वाटेत दोन ठिकाणी थांबून हॉर्न वाजवला, कोण आलं नाही, असं त्याने मला आल्या आल्या सांगितलं होतं.

"येत्यात की," रवळू म्हणाला. अड्ड्यावर ओरडायचा तसा मोठ्याने म्हणाला. "आज बाजाराचा दिस. जागा पुरंना झाली."

"खरं?"

"मग खोटं सांगतो काय? बाईस्नी इचार." आणि त्याने फोन माझ्यासमोर धरला.

युवराज माझ्याकडे बघत होता. त्याच्या मागे ओट्यावर एक ताट, एक वाटी धुऊन उपडी घातलेली दिसत होती. खोटं बोलणाऱ्या पोरांचे कान पिरगाळण्यात माझी सगळी नोकरी सरली, त्यात याचाही कान होता.

"हो रे," मी म्हणाले. "इतकी गर्दी होती, मलासुद्धा जागा मिळाली नाही."

"मग बरं हाय," युवराज म्हणाला.

"बरं हाय," रवळू म्हणाला. फोन मात्र कुणीच बंद केला नाही.